दारी आलेला जीव

पाल हा प्राणी आपल्या भाषेत जितका रुळला आहे, तितका आपल्या मनात कधी रुळला नाही. मनात शंका आली, की आपण म्हणतो, ‘पाल चुकचुकली’. पाल अंगावर पडली, तर पंचांग उघडून ‘पल्लीपतना’चे फळ पाहणारी माणसे आजही आहेत. दुधात पाल पडली, तर दुधाबरोबर ते भांडेही घराबाहेर जाते. पिढ्यानपिढ्या एकाच छपराखाली राहूनही तिच्याशी आपला परिचय असा फक्त भीतीचा आणि किळसेचा. मीही याला अपवाद नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात भिंतीवर पाल दिसली, की माझा हात आपोआप केरसुणीकडे वळत असे.

अशा माझ्यावर वयाच्या पासष्टाव्या वर्षी एका आजारी पालीची शुश्रूषा करण्याची वेळ आली, आणि तीही सातासमुद्रापलीकडे.

२०१७ च्या डिसेंबरात मी अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे माझ्या लेकीकडे गेले होते. नातवाला नुकतीच अकरा वर्षे पूर्ण झाली होती. वाढदिवसाची भेट म्हणून त्याने कुत्रा मागितला नाही, मांजर मागितले नाही. मागितला तो ‘लेपर्ड गेको’. बिबट्यासारखे ठिपके असलेला गेको, असे तो मला समजावून सांगू लागला.

“म्हणजे पालच ना रे?” मी विचारले.

“आजी, पाल नाही, गेको!”

“अरे, गेको म्हणजे पालच. नाव बदललं म्हणून जात बदलत नाही.”

त्याने ग्रंथालयातून आणलेले पुस्तक माझ्यासमोर धरले. त्यात या पालीचा नकाशा होता. तो पाहून मी चकित झाले. अमेरिकेत घरोघरी पाळली जाणारी ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत या प्रदेशातील! १८५४ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी पंजाबातील सॉल्ट रेंज या डोंगररांगेतील नमुन्यावरून तिचे शास्त्रीय वर्णन केले. आज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या पाली तिथेच पिंजऱ्यात जन्मलेल्या असतात. परंतु त्यांचे मूळ मात्र आपल्या मातीतले. ‘म्हणजे ही माझ्यासारखीच इकडे आलेली आहे,’ असे मी गमतीने म्हटले. त्या वेळी ती केवळ गंमतच होती.

नातवाने महिनाभर आधीपासून तयारी केली होती. काचेची पेटी, तळाशी एका बाजूला उष्णता देणारी पट्टी, ती उष्णता मर्यादेत ठेवणारे यंत्र, लपण्यासाठी दोन लहान गुहा आणि पाण्याची उथळ वाटी, असा तिचा संसार मांडून झाला होता. दूरच्या एका राज्यातील विक्रेत्याकडे मागणी नोंदवली होती. जिवंत प्राणी खोक्यात घालून पाठवता येतो, हेच मुळी माझ्या कल्पनेपलीकडचे होते. बुधवारी, ३ जानेवारीला खोके निघाले. गुरुवारी ते घरी पोहोचायचे होते. पण त्याच गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठे हिमवादळ धडकले. शाळा बंद झाल्या, रस्ते बर्फाखाली गेले आणि आमचे खोके वाटेतल्या कुठल्याशा गोदामात अडकून पडले. नातू दिवसभर खिडकीला नाक लावून उभा होता. मी त्याला धीर देत होते. पण खरे सांगायचे, तर माझ्याही मनात पाल चुकचुकत होती.

शनिवारी दुपारी खोके आले. बाहेर पारा शून्याच्या बराच खाली होता. खोक्याच्या आत जाड थर्माकोलचे अस्तर होते. त्यात ठेवलेली उबेची पुडी विझून दगडासारखी गार पडली होती. मधोमध एक झाकणाला छिद्रे पाडलेला प्लास्टिकचा डबा होता. जावयांनी झाकण उघडले. आत ओलसर कागदाच्या घडीवर बोटभर लांबीचा एक जीव निपचित पडला होता.

पुस्तकातल्या चित्रातील पाल पिवळीधमक, गुबगुबीत आणि टपोऱ्या डोळ्यांची होती. समोर होती ती राखाडी पडलेली, डोळे खोल गेलेली, कातडी सैल होऊन सुरकुतलेली. पायांच्या बोटांवर जुन्या कातेचे तुकडे घट्ट चिकटून राहिले होते. सर्वांत वाईट दशा होती ती शेपटीची. या पाली शेपटीत चरबी साठवतात. उंट जसा मदारीवर दिवस काढतो, तशी ही शेपटीवर. निरोगी पालीची शेपटी मानेइतकी जाड असते. हिची शेपटी पेन्सिलीपेक्षाही बारीक झाली होती.

“मेली का?” नातवाचा आवाज फुटत नव्हता.

तेवढ्यात तिची एक पापणी किंचित हलली. भिंतीवरच्या आपल्या पालींना पापण्या नसतात; या पालीला असतात. त्या पापणीच्या हालचालीने घरातल्या चार माणसांचे श्वास सुटले.

लेकीने विक्रेत्याला दूरध्वनी केला. तिकडून शांत, सराईत आवाजात उत्तर आले, “छायाचित्र काढून ठेवा. चोवीस तासांत मेली, तर दुसरी बदलून देऊ.” लेकीने हे सांगताच नातू माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरून आले होते. “बदलून? आजी, ही अजून जिवंत आहे ना!”

त्याच्या त्या एका वाक्याने माझ्यातली किळस कुठल्या कुठे गेली. समोर आता पाल नव्हती. दारी आलेला, वाटेत हाल झालेला एक जीव होता. दारी आलेल्याला ‘बदलून’ घेण्याची रीत मला माझ्या आईने शिकवली नव्हती.

मी लगबगीने म्हणाले, “तिला आधी हीटरजवळ ठेवा, आणि काहीतरी खायला घाला. उपाशी आहे ती.” सुदैवाने लेक सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंशी दूरध्वनीवर बोलत होती. माझ्या दोन्ही सूचना त्यांनी तत्काळ मोडीत काढल्या. गारठलेल्या प्राण्याला एकदम मोठी उष्णता दिली, तर ती त्याला सोसत नाही. प्रथम त्याला खोलीच्या उबेत राहू द्यावे, मग त्याच्या पेटीत ठेवावे. आणि अन्न? आज नाही, उद्याही नाही. पालीचे रक्त आपल्यासारखे आतून तापत नाही. तिला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. शरीर गार असताना पोटात गेलेले अन्न पचत नाही, ते आत तसेच कुजते. म्हणजे मी मायेने भरवलेला घास तिचा घात करू शकला असता.

सोमवारी सकाळी तिला डॉक्टरबाईंकडे नेले. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला डबा नातवाने वाटभर आपल्या कोटाच्या आत, छातीशी धरला होता. तिथे तिचे वजन केले. ते अवघे सतरा ग्रॅम भरले. डॉक्टरबाईंनी तिचे तोंड, डोळे, पोट पाहिले. सुकलेल्या शरीराला पाणी मिळावे म्हणून त्वचेखाली थोडा द्रव टोचला. मग शेपटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “तीन दिवसांच्या प्रवासात शेपटी इतकी बारीक होत नाही. ही निघतानाच उपाशी आणि आजारी असली पाहिजे. वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला.”

आम्ही सारे दोन दिवस वादळाला दोष देत होतो. वादळ कोणाला उलट उत्तर देत नाही, म्हणून त्याला दोष देणे सोपे असते. पण खोके बंद करणाऱ्या माणसाने ही शेपटी पाहिली असणारच. पाहूनही त्याने झाकण लावले होते.

डॉक्टरबाईंनी दिलेल्या सूचना लेकीने कागदावर लिहून पेटीच्या शेजारी चिकटवल्या. पेटीची एक बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस उबदार असावी, दुसरी २४ ते २५ अंश, म्हणजे तिला हवी ती जागा तिला निवडता येईल. तळाशी वाळू नको, साधा कागद अंथरावा आणि तो रोज बदलावा. एका गुहेत ओलसर कागद ठेवावा, म्हणजे अडकलेली कात सुटायला मदत होईल. स्वच्छ पाणी सतत असावे. पण पाणी तोंडात ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी एकच लहान अळी समोर ठेवावी; खाल्ली नाही, तर काढून घ्यावी. बळजबरीने भरवू नये. हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत, कारण अशा प्राण्यांच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे जंतू असू शकतात. आणि शेवटची सूचना लेकीने अधोरेखित केली होती : ‘तिला एकटे राहू द्या.’

लेक आणि जावई कामावर जात, नातू शाळेत जाई. दिवसभर घरात आम्ही दोघीच, मी आणि ती. मुलांची आजारपणे, सासूबाईंचे अंथरूण, यजमानांचे पथ्यपाणी असे सारे मी केले होते. शुश्रूषा म्हणजे काहीतरी करत राहणे, अशीच माझी समजूत होती. इथे मात्र मला काहीही न करण्याची शुश्रूषा शिकायची होती. सकाळी तापमापकावरचा आकडा पाहायचा, पाणी बदलायचे, गुहेतला कागद ओला करायचा आणि दूर व्हायचे. एवढेच काम; पण ते मला फार जड गेले. दर तासाला वाटे, गुहा उचलून पाहावी, श्वास चालू आहे ना. एकदा तसे केलेही. ती दचकून कोपऱ्यात सरकली आणि थरथरत राहिली. तिला असलेली थोडीशी शक्ती मी माझ्या काळजीपायी खर्च करवली होती. त्या दिवसापासून मी खुर्ची पेटीपासून चार हात मागे नेली.

त्या खुर्चीत बसून मला माझे स्वतःचे येणे आठवले. मुंबईहून निघून, मध्ये विमान बदलून, जवळजवळ एक दिवस प्रवास करून मी लेकीच्या घरी पोहोचले होते. तिने हौसेने पुरणपोळीचा बेत केला होता. “आई, एक तरी घे. माझ्यासाठी घे,” असा तिचा आग्रह चालला होता. मला मात्र दिवस की रात्र हेही कळत नव्हते. मला घोटभर कोमट पाणी, अंगावर पांघरूण आणि कोणी न बोलणारी एक खोली हवी होती. लेकीचे मन मोडू नये म्हणून मी पोळी खाल्ली आणि रात्रभर तळमळले. आग्रहामागे माया असते, यात शंका नाही. पण समोरच्याला काय हवे आहे, हे विचारायचे मात्र आग्रहात राहून जाते.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते, असे मला वाटते. उन्हातान्हातून कोणी दारी आले, तर खेड्यात आधी गूळ-पाणी पुढे केले जाई. मग ‘जरा टेका’ म्हणून ओसरीवर घोंगडी पसरली जाई. ताट वाढले जाई ते त्यानंतर. आधी पाणी, मग विसावा, मग अन्न. डॉक्टरबाईंनी इंग्रजीत सांगितलेला क्रम आणि माझ्या आजीच्या ओसरीवरचा क्रम एकच होता.

मात्र माहेरच्या ओसरीची आठवण आली, की तिच्यामागून आणखी एक आठवण येते. पुरंदर तालुक्यातील आमच्या गावी मी आठ-नऊ वर्षांची असताना गोठ्याच्या दगडी गडग्यातून एक ठिपक्याठिपक्यांची, जाडसर पाल बाहेर आली होती. ‘विषारी आहे, चावली तर माणूस पाणी मागत नाही,’ असा ओरडा झाला. चार पुरुषांनी तिला काठ्यांनी ठेचले. मरताना तिने मोठे डोळे मिटले होते. पालीला डोळे मिटता येतात, याचे मला नवल वाटले होते, म्हणून ते लक्षात राहिले. नातवाच्या पुस्तकाने साठ वर्षांनी त्याचा उलगडा केला. लेपर्ड गेकोचे भाऊबंद महाराष्ट्रात आणि गुजरातेतही राहतात. सातपुड्यातील त्यांची एक वेगळी जात तर २०१४ साली शास्त्रज्ञांनी नव्याने नोंदवली. त्यांच्यातली एकही विषारी नाही. पाल कोणतीही असो, तिच्या दातांत विष नसते. त्या दिवशी गडग्यापाशी मेली, ती बहुधा या पाहुणीची चुलत बहीणच. मी काठी उचलली नव्हती. पण टाळ्या पिटणाऱ्या पोरांत मीही होते.

पाचव्या दिवशी सूचनेप्रमाणे तिला कोमट पाण्याच्या उथळ भांड्यात दहा मिनिटे ठेवले. लेकीने ओल्या कापसाच्या काडीने बोटांवरची कात हळूहळू सोडवली. ही कात वळ्यासारखी आवळत गेली, की बोटाचे रक्त तुटते. तीन पायांची बोटे मोकळी झाली. चौथ्या पायाच्या एका बोटाचे टोक आधीच काळे पडले होते. ते पुढे गळून गेले.

अळी मात्र रोज संध्याकाळी तशीच परत काढावी लागत होती. सहावा दिवस गेला, सातवा गेला, आठवाही गेला. वजन सोळा ग्रॅमवर उतरले. नातू रोज वहीत आकडा लिहून ठेवी आणि काही न बोलता झोपायला जाई. त्याने पहिल्याच दिवशी मला विचारले होते, “आजी, हिचं नाव काय ठेवायचं?” मी म्हणाले होते, “आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी करतात. तोवर थांबू.” बाराव्या दिवसापर्यंत थांबण्यामागे आपल्या पूर्वजांची कोणती धास्ती असेल, हे मी त्याला सांगितले नाही. डॉक्टरबाईंच्या नोंदपत्रकातही नावाची जागा रिकामी होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे नेहमीप्रमाणे दूर बसलो होतो. दिवा मंद केला होता. वाटीत अळी वळवळत होती. गुहेच्या तोंडाशी प्रथम नाक दिसले, मग डोळे. ती एक पाऊल पुढे आली, थांबली, पुन्हा एक पाऊल आली. नातवाने माझा हात घट्ट धरला. तिच्या त्या काडीसारख्या शेपटीचे टोक थरथरू लागले. शिकारीवर झेपावण्यापूर्वी या पाली असेच टोक हलवतात, हे त्याने वाचले होते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिने झेप घेतली आणि अळी तोंडात धरली. दोनदा चावली, गिळली, आणि जिभेने स्वतःचे ओठ पुसले.

आम्ही दोघांनी आवाज केला नाही. आनंदाने ओरडावेसे वाटत असतानाही तो अकरा वर्षांचा मुलगा तोंडावर हात दाबून बसून राहिला. तिला घाबरवायचे नव्हते. मला वाटते, त्या क्षणी तो खऱ्या अर्थाने तिचा पालक झाला.

त्यानंतरही आम्ही घाई केली नाही. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम पोटभर अन्न दिले, तर तेही बाधते. म्हणून एकीच्या दोन, दोनाच्या तीन अशा अळ्या वाढवत नेल्या. अळीवर हाडांसाठी चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची भुकटी भुरभुरावी लागे. पहिली विष्ठा पडली, तेव्हा ती तपासणीला नेली; जंत सापडले, त्यांवर औषध मिळाले. पालीची विष्ठा सापडली म्हणून घरभर आनंद झाल्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात तो पहिलाच.

बाराव्या दिवशी बारसे झाले. मी थोडा शिरा केला, तो अर्थात आमच्यासाठी. नाव काय ठेवायचे, याचा मी मनाशी विचार करून ठेवला होता. तिच्या कपाळावर दोन डोळ्यांच्या मध्ये एक गोल काळा ठिपका होता. “टिकली,” मी म्हणाले.

“म्हणजे तू लावतेस ती?” नातवाने माझ्या कपाळाकडे बोट दाखवले.

“हो. आणि टिकली म्हणजे तगलीसुद्धा. राहिली. गेली नाही.”

त्याने दोन्ही अर्थ वहीत लिहून घेतले.

विक्रेत्याने पुढे थोडे पैसे परत देऊ केले. नातवाने त्याला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिले. सोबत पहिल्या दिवशीचे शेपटीचे छायाचित्र जोडले. पत्रात त्याने तक्रार अशी केली नव्हती. ‘आमची आता बरी आहे. तुमच्याकडे उरलेल्यांना कृपा करून नीट खायला द्या, आणि थंडीत पाठवू नका,’ एवढेच लिहिले होते. त्या पत्राला उत्तर आले नाही. आपणही खोके मागवण्याआधी हवामान पाहायला हवे होते, विक्रेत्याचे घर पाहायला हवे होते, हे लेकीने नातवासमोर कबूल केले. आपल्या हौसेसाठी कोणीतरी जीव पुडीत बांधतो, तेव्हा गाठ मारणाऱ्या हातांत आपलाही एक हात असतो.

मार्चमध्ये मी भारतात परतले. या पाली माणसाजवळ पंधरा-वीस वर्षे जगतात. नातू कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, तरी टिकली त्याच्या सोबत असू शकेल. त्या वर्षीच्या दिवाळीत त्याने दूरध्वनीच्या पडद्यावर तिला दाखवले. वजन बावन्न ग्रॅम. अंग पिवळे, डोळे टपोरे, शेपटी मानेइतकी जाड. एक बोट तेवढे कमी.

बोलणे संपवून मी दिवा लावायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावरच्या भिंतीवर पाल होती. केरसुणी हाताशीच होती. पाल माझ्याकडे पाहत होती, की पापण्या नसल्यामुळे मला तसे वाटत होते, कोण जाणे. मी दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवले, खिडकीचे एक दार उघडले आणि चार हात मागे सरून उभी राहिले.